उन्हाळ्याची सुटी आणि क्रोशाची सुई

(पाठपरिचय : करावे हे नवी मुंबईतील आगरी-कोळी लोकांचे जुने गाव आहे. उन्हाळ्याच्या सुटीत घरात बसून मिळणारा साधा आनंद आणि हाताने विणण्याची कला यांविषयी या पाठात माहिती दिली आहे. हाताच्या कामामागे विचार असतो, गणित असते आणि कष्टही असतात, हे या पाठातून समजते.)

मुलांनो, वार्षिक परीक्षा संपली, दप्तर खुंटीला लागले. पहिले चार दिवस तुम्ही भरपूर झोपता, भरपूर खेळता. पाचव्या दिवशी मात्र दुपारी घरातले सगळे आडवे झाले, की तुम्ही म्हणता, "आता काय करू? वेळच जात नाही!" अशा एका दुपारी तुम्ही माझ्याबरोबर करावे गावात चला.

करावे गाव ठाण्याच्या खाडीजवळ वसले आहे. आज गावाच्या आजूबाजूला उंच इमारती आहेत. जवळच सीवूड्स रेल्वे स्थानक आहे. पण १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली, त्याआधी या भागात भातशेती होती, मिठागरे होती आणि खाडीतली मासेमारी होती. 'आगर' म्हणजे मिठागर. 'आगरी' हे नाव त्यावरूनच पडले, असे मानतात.

एप्रिल-मे महिन्यांत येथे ऊन तर असतेच, पण त्याहून जास्त त्रास घामाचा होतो. खाडीमुळे हवा दमट असते. येथील माठातले पाणी नागपूरच्या माठातल्या पाण्याइतके गार होत नाही. असे का? माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. नागपूरची हवा कोरडी असते, म्हणून तेथे वाफ लवकर होते. करावे गावच्या हवेत आधीच पुष्कळ बाष्प असते, म्हणून तेथे वाफ हळू होते. माठ दोन्ही ठिकाणी सारखाच, फरक हवेचा!

म्हणून या दिवसांत पन्हे हवेच. कैऱ्या उकडून त्यांचा गर काढायचा. त्यात गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घालायचे. घामाबरोबर अंगातले पाणी आणि मीठ दोन्ही जाते. पन्ह्याने ते दोन्ही परत मिळते. शिवाय बाजारात ताडगोळे असतात, जांभळे असतात, करवंदे असतात. गच्चीवर पापड वाळत असतात. कोठे बोंबील आणि जवळा वाळत असतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा हीच सुकी मासळी उपयोगी पडते. संध्याकाळी टी. एस. चाणक्य या नौकाप्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळ जागेकडे गेलात, तर गुलाबी रोहित पक्षीही दिसू शकतात. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास त्यांतील बहुतेक पक्षी परत जातात. या सगळ्या आनंदाला फारसा पैसा लागत नाही.

आता दुपारच्या कामाकडे वळू. कोळीवाड्यात तुम्हांला एक दृश्य नेहमी दिसेल. सावलीत बसून एखादे आजोबा फाटलेले जाळे दुरुस्त करत असतात. हल्ली जाळी यंत्रावर विणलेली, नायलॉनची मिळतात. पण जाळे फाटले, तर ते हातानेच सांधावे लागते. आजोबांच्या हातात दोरा गुंडाळलेली चपटी सुई असते. ते एकेका घराला गाठ मारतात. प्रत्येक घर सारखे व्हावे लागते. घर मोठे झाले, तर मासा निसटतो.

दुसऱ्या घरात एखादी आजी उंबऱ्याजवळ बसलेली असते. तिच्या हातातही सुई आणि दोरा असतो. पण तिच्या सुईच्या टोकाला लहानसा आकडा असतो. ती क्रोशाचे काम करते. तुमच्या घरी याला 'क्रोशिया' म्हणतात. मराठीत 'क्रोशा' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच फ्रेंच शब्दापासून आले आहेत. त्या शब्दाचा अर्थ लहान आकडा असा आहे. नमाजाच्या वेळी घालतात ती पांढरी जाळीदार टोपी तुम्ही पाहिली असेल. अशा पुष्कळ टोप्या क्रोशानेच विणतात. मराठी घरांत क्रोशाने दाराचे तोरण विणतात, ताटावर घालायचा रुमाल विणतात. सुई तीच, दोरा तोच, विणायची वस्तू मात्र ज्याच्या त्याच्या घरची!

जाळे आणि क्रोशा यांत एक मोठा फरक आहे. जाळ्यात प्रत्येक घराला गाठ असते. एक घर तुटले, तरी बाकीची घरे टिकून राहतात. क्रोशात मधे कोठेही गाठ नसते. एका फाशातून दुसरा फासा काढलेला असतो. शेवटचे टोक ओढले, तर सगळे विणकाम उसवत जाते. तुम्ही म्हणाल, ही तर उणीव झाली! नाही, हाच त्याचा गुण आहे. समजा, तुमची चूक तिसऱ्या फेरीत झाली आणि ती पाचव्या फेरीत लक्षात आली. अशा वेळी चुकीपर्यंत उसवा आणि पुन्हा विणा. दोरा जसाच्या तसा राहतो. वाया जातो तो फक्त वेळ, आणि तोही पूर्ण वाया जात नाही. कारण दुसऱ्यांदा हात अधिक सफाईने चालतो.

चला, आपण एक सोपी वस्तू विणू. पन्ह्याच्या तांब्यावर माशी बसू नये, म्हणून त्यावर घालायचे जाळीचे झाकण करू. जाड सुती दोरा आणि अडीच मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई घ्या. मोजके टाके शिकले, की काम होते.

पहिला टाका 'साखळी'. सुईवरच्या फाशातून दोरा ओढून काढला, की एक साखळी होते. दुसरा टाका 'खांब'. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या. सुई खालच्या टाक्यात घालून दोरा वर ओढा. आता सुईवर तीन फासे दिसतील. पुन्हा दोरा घेऊन दोन फाशांतून काढा. परत दोरा घेऊन उरलेल्या दोन फाशांतून काढा. झाला खांब! याहून बुटका एक टाका असतो. त्याला 'मुका खांब' असे गमतीदार नाव आहे.

आता सहा साखळ्या घाला. सुई पहिल्या साखळीत घालून दोरा ओढा आणि तो सुईवरच्या फाशातूनही काढा. साखळ्या जोडल्या जाऊन कडे तयार होईल. त्या कड्यात बारा खांब विणा. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला तीन साखळ्या घाला. तो पहिला खांब समजा. फेरी संपली, की कडे जोडले तशीच ती जोडा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन खांब विणा; चोवीस होतील. तिसऱ्या फेरीत एका खांबावर एक आणि पुढच्यावर दोन, असे विणत जा, छत्तीस होतील. चौथ्या फेरीत अठ्ठेचाळीस. म्हणजे प्रत्येक फेरीत बारा खांब वाढवायचे. पाच-सहा फेऱ्यांत तांब्याचे तोंड झाकण्याएवढी चकती तयार होते. शेवटी कडेला काचेचे मणी शिवा. मण्यांच्या वजनामुळे झाकण वाऱ्याने उडत नाही.

प्रत्येक फेरीत बाराच का वाढवायचे? हे तुमच्या गणिताच्या पुस्तकात आहे. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सुमारे सव्वासहा पट असतो. प्रत्येक फेरीत त्रिज्या एका खांबाच्या उंचीएवढी वाढते. म्हणून परीघही प्रत्येक वेळी सारखाच वाढला पाहिजे. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून दर फेरीला सुमारे बारा खांब लागतात. खांब वाढवणे थांबवले, तर कडा वर उभ्या राहतात आणि चकतीची टोपी होते. खूप जास्त वाढवले, तर कडेला झालरीसारख्या लाटा येतात.

या लाटांनी एका गणितज्ञ बाईंचे काम सोपे केले. लाटव्हिया देशात जन्मलेल्या डायना टायमिना अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होत्या. भूमितीमध्ये एक असा पृष्ठभाग आहे, जो सगळीकडे झालरीसारखा पसरत जातो. तो कागदाचा केला, तर पटकन फाटे. १९९७ साली टायमिना यांनी तो क्रोशाने विणून दाखवला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, एवढीच त्यांची युक्ती होती. जी गोष्ट केवळ कल्पनेने समजायला कठीण होती, ती विद्यार्थ्यांना हातात धरून पाहता आली.

तरीही पुष्कळ लोक म्हणतात, "क्रोशा म्हणजे रिकामपणचे काम!" हे खरे नाही. १८४५ साली आयर्लंड देशात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ आला. त्या काळात तेथील अनेक स्त्रियांनी क्रोशाची लेस विणून घर चालवले. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तेथील लेस परदेशांतही जाते. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तेथील स्त्रियांविषयी १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दाखवले, की या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास विणत होत्या. पण घरी बसून विणतात, म्हणून त्यांना कोणी कामगार मानत नव्हते. लेस विकून व्यापारी श्रीमंत होत, विणणारीला मात्र फार थोडे पैसे मिळत.

म्हणून, मुलांनो, उद्या तुमच्या आईने किंवा नानीने विणलेला एखादा रुमाल हातात घ्याल, तेव्हा त्यातल्या एका फेरीचे खांब मोजा. मग एकूण किती फेऱ्या आहेत, ते पाहा. तिने किती वेळ खर्च केला असेल, याचा अंदाज तुम्हांला येईल. "हे तू कोणाकडून शिकलीस?" असे तिला विचारा. कदाचित हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नसेल.

आणि मुलग्यांनो, "हे मुलींचे काम आहे," असे म्हणून उठू नका. जाळे सांधणाऱ्या आजोबांना आठवा. दोरा आणि सुई हातात घेऊन त्यांनी आयुष्यभर घर पोसले. त्यांना कोणी हसले नाही.

सुटी संपेल, पाऊस येईल, पुन्हा शाळेची घंटा वाजेल. त्या वेळी तुमच्याजवळ निदान एक वेडेवाकडे झाकण असू द्या. ते वाकडे का झाले, हे तुम्हांला सांगता आले, तर तुमची सुटी सार्थकी लागली, असे समजा.

शब्दार्थ
मिठागर – समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याची जागा
दमट – ओलसर
बाष्प – वाफ
सांधणे – तुटलेले जोडणे
फासा – दोऱ्याचा वेढा
उसवणे – विणलेले किंवा शिवलेले सुटणे, सोडवणे (उर्दूत : उधेडना)
उणीव – कमतरता
झालर – कपड्याची चुण्यांची कड
सार्थकी लागणे – उपयोगी ठरणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'आगर' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) क्रोशाच्या सुईच्या टोकाला काय असते?
(इ) झाकणाच्या कडेला मणी का शिवतात?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) करावे गावात माठातले पाणी नागपूरइतके गार होत नाही.
(आ) क्रोशाच्या कामात चूक सुधारता येते.
(इ) नरसापूरच्या स्त्रियांना कोणी कामगार मानत नव्हते.

प्रश्न ३. जाळे आणि क्रोशा यांतील साम्य व फरक चार-पाच वाक्यांत लिहा.

प्रश्न ४. विचार करा आणि सांगा.
झाकणाच्या सहाव्या फेरीत किती खांब होतील? सातव्या फेरीपासून खांब वाढवले नाहीत, तर काय होईल?

प्रश्न ५. खालील शब्दांचे अनेकवचन लिहा.
सुई, टोपी, फेरी, कैरी, साखळी

उपक्रम : तुमच्या घरातील हाताने विणलेल्या किंवा शिवलेल्या एका वस्तूविषयी माहिती मिळवा. ती कोणी केली, केव्हा केली, किती दिवस लागले, हे विचारा आणि दहा ओळी मराठीत लिहा.