शेजारी मोठं दुकान असलं तर? मराठी सिनेमाची केस

वाशीच्या मॉलशेजारी तुमचं दुकान असेल, तर ही केस नीट बघा. मराठी सिनेमाच्या गिऱ्हाईकाला हिंदी कळतं, आणि हिंदी पिक्चर शेजारच्याच पडद्यावर लागलेला असतो. १९५४ साली 'श्यामची आई'ने पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक घेतलं. तो मान पुन्हा मराठीत यायला २००४ चा 'श्वास' लागला. पन्नास वर्षं! (बक्षीस म्हणजे गल्ला नव्हे, मान्य.) 'श्वास'मध्ये होते कोकणातले आजोबा, नातू आणि डोळ्याचा कॅन्सर. २०१६ च्या 'सैराट'मध्ये नवखी जोडी, सोलापूरकडची बोली. धंदा १०० कोटींच्या घरात. हा माल हिंदीच्या दुकानात नव्हताच. मॉलमध्ये मिळत नाही असं तुमच्याकडे काय आहे? आज गल्ला मोजताना तीन वस्तू लिहून काढा.