डाउनलोड केलेली फाइल उघडेना

प्रश्न : ब्राउझरमधून डाउनलोड केलेली वर्डची फाइल उघडताना एरर येते. फाइल बिघडली आहे का?

उत्तर : आधी फाइलचा आकार बघा. दहा पानी अहवाल जेमतेम ४ केबीचा दिसला, तर बहुधा लॉगिनची मुदत संपून अहवालाऐवजी वेबपानच त्या नावाने उतरलंय. नोटपॅडमध्ये उघडा : सुरुवातीला ‘एचटीएमएल’ दिसलं तर पुन्हा लॉगिन करून नव्याने डाउनलोड करा. खऱ्या डॉकएक्स फाइलची पहिली अक्षरं ‘पीके’ असतात, कारण ती मुळात झिप फाइलच असते.

आकार ठीक असेल, तर इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज ठेवते ती खूण आड येत असावी. पाठवणारा खात्रीचा असेल तरच राइट क्लिक, प्रॉपर्टीज आणि तळाशी ‘अनब्लॉक’वर टिक. अशा खुणेच्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या उघडणारा वर्डचा प्रोटेक्टेड व्ह्यू कायमचा बंद मात्र कृपया करू नका.