एकाच खोक्यातली लस, तरी अहवाल वेगळे का?

प्रश्न : मी वसईतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. मी आणि माझ्या मैत्रिणीने हिपॅटायटिस-बी लशीचे तीनही डोस बरोबरच घेतले. मला दर वेळी ताप आला, तिला काहीच झालं नाही. महिन्याने तपासणी केली, तर तिची प्रतिपिंडे भरपूर आणि माझी जवळजवळ शून्य! माझी लस खराब होती का?

उत्तर : तसं वाटत नाही. आधी तापाविषयी. ताप, दंडदुखी ही शरीराची पहिली, सरसकट प्रतिक्रिया. प्रतिपिंडे काही आठवड्यांनी तयार होतात. त्यामुळे तापावरून लस लागू पडली की नाही, हे ठरत नाही.

या लशीने निरोगी प्रौढांपैकीही सुमारे ५ ते १० टक्क्यांत पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. कारण असं : लशीत विषाणूच्या आवरणावरचं एक प्रथिन असतं. आपल्या पेशी त्याचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर मांडून टी पेशींना दाखवतात. टी पेशींनी ते ओळखले, तर त्यांच्या मदतीने बी पेशी प्रतिपिंडे बनवतात. एचएलएचे प्रकार आईवडिलांकडून येतात आणि काही प्रकारांवर हे तुकडे नीट बसत नाहीत. गांबियातल्या जुळ्या बाळांच्या २००४ सालच्या अभ्यासातही या लशीच्या प्रतिसादात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला. म्हणून तुमची एकूण प्रतिकारशक्तीच कमी आहे, असं मात्र समजू नका. दुसरी लस तुम्हाला उत्तम लागू पडू शकते.

चाळिशीनंतरचं वय, लठ्ठपणा, धूम्रपान, मूत्रपिंडाचा विकार यांनीही प्रतिसाद घटतो. सुई दंडाऐवजी नितंबात दिली तरी घटतो.

परिसराचाही वाटा असतो. तोंडावाटे द्यायच्या रोटाव्हॅक लशीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर झाली. पुण्यातलं काम केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने केलं. रोटाविषाणूच्या गंभीर जुलाबांपासून पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळालं. श्रीमंत देशांत अशा लशी याहून बऱ्याच जास्त परिणामकारक ठरतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे आणि आतड्यातले इतर जंतू ही त्यामागची संभाव्य कारणं. तरीही निम्म्याहून अधिक गंभीर आजार टळणं मोलाचं असल्याने २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आली.

आता तुमच्यापुरतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन डोस पुन्हा घ्या. अनेकांना त्यानंतर प्रतिपिंडे येतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत तपासणी करा. प्रतिपिंडांचा अंक १० किंवा अधिक आला, की संरक्षण मिळालं. तरीही कमीच आला, तर आधीचा संसर्ग नाही ना, हे तपासून घ्या आणि वापरलेली सुई टोचली तर लगेच कळवा. अशा वेळी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं, आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं.