कागदावरची मुष्टियुद्धे

आपल्या अंकाच्या बहुतेक मराठी आणि कन्नड वाचकांनी पांढुर्णा व सौंसर ही नावे फार तर रेल्वेच्या वेळापत्रकात पाहिली असतील. नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या हद्दीत असलेले हे मराठी बोलणारे तालुके. २०२३ साली ते छिंदवाड्यातून वेगळे झाले आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. माझे घर पांढुर्ण्याला, मावशीचे सौंसरला. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि माझ्या मावसभावाने या दोन गावांत जगज्जेतेपदाच्या लढती लावल्या. लढणारे सगळे केव्हाच दिवंगत झालेले होते. आखाडा म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा!

आम्ही निवडला तो फ्लायवेट गट. फ्लाय म्हणजे माशी. व्यावसायिक मुष्टियुद्धात या गटाची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे सुमारे ५१ किलो. संत्र्याच्या आडतीतील काट्यावर माझे वजन नेमके ५१ किलो भरले, म्हणून हा गट मला जवळचा वाटला. वजनाचे गट नसते तर लहान चणीच्या माणसाला आखाड्यात कोणी उभेच केले नसते. आपले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या फ्लायवेट गटातच उतरले व सहावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्याच लंडनमध्ये मुष्टियुद्धाचे फ्लायवेट सुवर्णपदक अर्जेंटिनाच्या पास्कुआल पेरेझने जिंकले होते. महाराष्ट्राचे मनोज पिंगळे १९८८ साली सोलला मुष्टियुद्धाच्या याच गटात खेळले.

वेगवेगळ्या काळांतील वीरांना कल्पनेने झुंजवण्याचा खेळ नवा नाही. १९६७ साली अमेरिकेत सोळा हेवीवेट वीरांची माहिती कॉम्प्युटरला पुरवून त्यांच्या लढती रेडिओवर ऐकवल्या गेल्या. त्यांत महंमद अली जुन्या काळच्या जेफ्रीजकडून हरला असे निघाले. अली इतका संतापला की त्याने दहा लाख डॉलरचा दावा लावला. कागदावरचा पराभवही माणसाला लागतो तो असा.

आता आमची रीत सांगतो. वेल्सचा जिमी वाइल्ड आणि फिलिपीन्सचा पांचो व्हिया यांची लढत घेऊ. वाइल्ड लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला, आमच्याकडच्या परासियाच्या खाणीत माणसे राबतात तसा. १९१६ साली तो फ्लायवेटचा जगज्जेता झाला. त्याची आणि व्हियाची गाठ प्रत्यक्षात पडली ती १८ जून १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये. व्हियाने सातव्या फेरीत त्याला गारद केले. पण तेव्हा वाइल्ड ३१ वर्षांचा होता आणि दोन वर्षांहून अधिक काळ लढलेला नव्हता. व्हिया होता अवघा २१ वर्षांचा. मग १९१६ चा वाइल्ड १९२३ च्या व्हियापुढे उभा राहिला असता तर? इतिहास याचे उत्तर देत नाही. तेथे आपली संभाव्यता कामी येते.

दोघांची कारकीर्द ताडून पाहिल्यावर आम्हाला वाइल्ड किंचित सरस वाटला. म्हणून डब्यात त्याच्या नावाच्या ११ आणि व्हियाच्या नावाच्या ९ चिठ्ठ्या टाकल्या. डबा हलवून एक चिठ्ठी काढायची. जिचे नाव निघेल त्याची ती फेरी. चिठ्ठी परत डब्यात टाकून पुन्हा हलवायचे. अशा १५ फेऱ्या, आणि ८ किंवा अधिक फेऱ्या घेईल तो विजेता.

पहिल्याच लढतीत व्हिया जिंकला. “झालं, व्हिया मोठा!” असे मावसभावाने जाहीर करून टाकले. इथेच आपण सारे फसतो. एका लढतीने काहीच सिद्ध होत नाही. आम्ही तीच लढत वीसदा खेळलो, तेव्हा वाइल्डने १२ जिंकल्या आणि व्हियाने ८. मग मी सांख्यिकीच्या वहीतील द्विपद वितरणाचे सूत्र लावले. फेरी जिंकण्याची शक्यता शेकडा ५५ असेल, तर पंधरा फेऱ्यांची लढत जिंकण्याची शक्यता शेकडा ६५ निघते. तीनच फेऱ्या ठेवल्या तर ती शेकडा ५७ वर येते. म्हणजे लढत जितकी लांब तितका सरस माणसाचा फायदा अधिक. लढत आखूड असली की दुबळ्याला नशिबाचा हात मिळतो. वाचकांनी हे घरी जरूर करून पाहावे. संभाव्यतेचे प्रकरण एका संध्याकाळी पक्के होते.

माझ्या हिशेबात चूक नव्हती, तरी खोट होती. ती माझ्या थोरल्या भावाने दाखवली. दादा चिठ्ठ्या उजव्या डोळ्याजवळ धरून वाचत होता. त्याच्या डाव्या डोळ्याची नजर काही वर्षांपूर्वी गोटमारीत गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि झेंड्यासाठी दोन्हीकडून दगडांचा वर्षाव. दरवर्षी माणसे जखमी होतात. काहींनी जीवही गमावला आहे. दादाने चिठ्ठी डब्यात टाकली आणि विचारले, “आन् जो हारला त्याचं पुढं काय झालं बे? ते कोन्त्या चिठ्ठीत हाय?”

मी निरुत्तर झालो. आमच्या डब्यात चिठ्ठी परत टाकली की प्रत्येक फेरी कोरी सुरू होते. खऱ्या लढतीत पाचव्या फेरीत मार खाल्लेला माणूस सहाव्या फेरीत तोच राहत नाही. वाइल्ड त्या सातव्या फेरीनंतर पुन्हा कधीच लढला नाही. व्हियाची कथा तर याहून करुण. दाताच्या दुखण्यातच तो ४ जुलै १९२५ रोजी एक लढत लढला, आणि दहा दिवसांनी तो विकार घशात पसरून वारला. वय वर्षे २३!

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. प्रत्येक जमेसमोर नावेची नोंद हवी, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण लढतींचे हिशेब ठेवताना आपण जमेची बाजू तेवढी लिहितो. कोण जिंकला, किती जिंकल्या, झेंडा कोणाकडे गेला, हे गावातले पोरसुद्धा सांगेल. नावेची बाजू ज्याच्या घरी पडते तोच ती वाचत बसतो. कागदी लढतीचा मोठा गुण हा की तिथे नावेला काहीच पडत नाही. तिचा दोषही हाच, कारण खऱ्या लढतीलाही काही किंमत नसते असा भ्रम ती उत्पन्न करते.

मागल्या वर्षापर्यंत मीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खिशात गोटे भरून नदीवर जात असे. ५१ किलोचा मुलगा भित्रा नाही, हे मला दाखवायचे असे. यंदा पोळ्याला घरी गेलो, पण नदीवर गेलो नाही. दादाबरोबर ओट्यावर बसून पेरेझ विरुद्ध वाइल्ड ही लढत वीसदा खेळलो. पेरेझने ११ जिंकल्या. संध्याकाळी मित्र नदीवरून परतले आणि मला पाहून “माशी, माशी” म्हणून ओरडले. त्या शब्दाचा मला राग आला नाही. खाशाबा लंडनला गेले ते त्याच गटात!