खिडकीतला काटेरी मुकुट



लाल फुलांचे हे काटेरी झाड प्रभूच्या मुकुटाचे, असे आम्हीही मुलांना सांगत असू. ते खरे नव्हे. झाड मूळचे मादागास्करचे. १८२१ साली ते फ्रान्सला नेणाऱ्या मिलियस यांच्यावरून त्याला ‘युफोर्बिया मिली’ म्हणतात. लाल दिसतात त्या पाकळ्या नसून पाने आहेत; खरी फुले मधोमध, अगदी इवलीशी.

झाईच्या खाऱ्या वाऱ्यात ते टिकते. कुंडीला भोक, वाळूमिश्रित माती आणि रोज चार-पाच तास ऊन हवे. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. जास्त पाण्याने मुळे कुजतात. फांदी मोडली की निघणारा पांढरा चीक डोळ्यांना घातक असतो, म्हणून कुंडी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

खरे सांगितल्याने श्रद्धा उणावत नाही. काटे पाहून प्रभूचे दुःख आठवले, तरी पुरे.