ब्रेकमधील हवा

एका तरुणाने जुनी मोटरसायकल विकत घेतली व ती कारागिराकडे आणली. गाडी धावे उत्तम; पण पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला, की तो मऊ लागे व थेट मुठीला टेके. वृद्ध कारागीर म्हणाला, "बाळ, गाडी धावते की नाही हे मागाहून पाहावे, ती थांबते की नाही, हे आधी!"

त्याने नळी व सांधे तपासले. कोठेही गळती नव्हती. पॅडही झिजलेले नव्हते. तेव्हा दोष हवेचाच असावा, हे त्याने ताडले.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने सांगितला. त्याच नियमाने ब्रेक ऑइल हाताचा दाब चाकाजवळच्या दट्ट्यापर्यंत नेते. द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र सहज दबते. म्हणून नळीत बुडबुडे शिरले, की हाताचे श्रम त्यांना दाबण्यातच वाया जातात.

कारागिराने टाकीत ताजे ऑइल भरले. चाकाजवळच्या स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइलच्या बाटलीत बुडविले. तरुणाने लिव्हर दाबून धरला, की तो स्क्रू किंचित सैल करी. काळपट ऑइल व बुडबुडे बाहेर पडत. स्क्रू घट्ट झाल्यावरच तरुण लिव्हर सोडी. एरव्ही हवा पुन्हा आत शिरली असती. टाकी रिकामी होऊ नये, म्हणून तीत वारंवार भर घालावी लागे. अखेर बुडबुडे थांबले व लिव्हर टणक झाला.

मोकळ्या पटांगणात सावकाश चालवून व थांबवून गाडीची परीक्षा झाली. मगच ती रस्त्यावर आली.