महामार्ग वावरातून जातो तेव्हा

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांवर बोलतो. या खेपेला विषय रस्त्याचा आहे. ऊस विकास विभागाचा रस्त्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण हल्ली गट कार्यालयात उसाच्या नोंदीइतकेच प्रश्न रस्त्याचे येतात. "साहेब, मोजणीवाले खुंट्या ठोकून गेले, आता लागण करू का नको?" "पाइप तुटली, भरपाई कुणाकडं मागायची?" म्हणून हा पाठ. घरातल्या लिहित्या-वाचत्या मुलाकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा आणि भावकीत बसून त्यावर बोलावे.

आपल्या भागातले रस्ते

नांदेड आणि लातूर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आपल्या सर्वांच्या पायाखालचा. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर करीत तो पुढे यवतमाळ, वर्ध्याकडून नागपूरजवळ बुटीबोरीला जातो. याचे चौपदरीकरण तुकड्या-तुकड्यांनी दिले गेले. औसा ते चाकूर हा तुकडा सुमारे ५८.५ किलोमीटरचा, चाकूर ते लोहा सुमारे ७३.५ किलोमीटरचा.

आता त्यापेक्षा मोठ्या रस्त्यांची भर पडते आहे. समृद्धी महामार्गाला जोडणारा नांदेड-जालना द्रुतगती मार्ग सुमारे १८० किलोमीटरचा आखला गेला. वर्धा जिल्ह्यातील पवनार ते गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी हा शक्तिपीठ महामार्ग मूळ आखणीत सुमारे ८०२ किलोमीटरचा. त्यात नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे आहेत. राज्य मंत्रिमंडळाने त्याला २४ जून २०२५ रोजी मान्यता दिली. त्याला अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा विरोध झाला. रस्ता हवा की नको, हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न. हा लेख त्या वादात पडत नाही. ज्याच्या वावरात खुंटी आली त्याने काय करावे, एवढेच इथे सांगायचे आहे.

एका सभासदाची हकीकत

नाव-गाव सांगत नाही. चार एकरांचे वावर, वरच्या अंगाला विहीर, खालच्या अंगाला दोन एकर खोडवा. मधून रस्ता गेला. नोटीस आली तेव्हा गडी कचेरीत गेला आणि एकच प्रश्न विचारून आला, "दर काय बसतोय?" पैसे मिळाले, रीतसर मिळाले. पण विहिरीचे पाणी खोडव्याला नेणारी जमिनीखालची पाइप कोणत्याच कागदावर नव्हती. ऐन फाल्गुनात खोदकामात ती तुटली. रस्त्याखालून नवी पाइप टाकायची तर परवानगी हवी. ती मिळेपर्यंत चैत्र सरला. विहिरीत पाणी होते, पण खोडवा रस्त्याच्या पलीकडे वाळला.

या माणसाचा तोटा दरात झाला नाही, ओलांडण्यात झाला. गेलेल्या जमिनीचे पैसे एकदा मिळतात. उरलेली जमीन मात्र मुलाबाळांनी पुढे कसायची आहे. म्हणून पहिला धडा असा: दर विचारायच्या आधी विचारावे, की मी, माझे पाणी आणि माझा ऊस या रस्त्याच्या पलीकडे कसे जाणार?

किती जमीन जाते?

नव्या चौपदरी महामार्गासाठी साधारण ६० मीटर रुंदीचा पट्टा धरतात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे रस्ता वावरातून १०० मीटर लांब गेला, तर सुमारे ५९ गुंठे गेले, दीड एकराला थोडे कमी. समृद्धीसारख्या द्रुतगती मार्गाचा पट्टा सपाट भागात १२० मीटरचा आहे. तिथे त्याच १०० मीटरला जवळजवळ तीन एकर जातात. हा हिशेब स्वतः पावलांनी मोजून करावा, म्हणजे संयुक्त मोजणीच्या दिवशी आपण गप्प उभे राहणार नाही.

बोलण्याची पाळी दोनदा येते

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेतली जाते ती राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली. त्याचा क्रम असा.

१) कलम ३अ ची अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन वर्तमानपत्रांत येतो, त्यातले एक स्थानिक भाषेतले असते. यात गट नंबर असतात.

२) अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत कलम ३क खाली लेखी हरकत देता येते. ही पहिली पाळी. नुसते "जमीन देणार नाही" एवढे लिहून थांबू नये. "विहीर उत्तरेला, ऊस दक्षिणेला, अमुक ठिकाणी बोगदा व पाइपेसाठी नळा ठेवावा" असे नकाशासह लिहावे आणि पोच घ्यावी.

३) कलम ३ड ची घोषणा झाली की जमीन सरकारजमा होते. ३अ नंतर एक वर्षात ही घोषणा झाली नाही, तर ती अधिसूचना रद्द होते.

४) मोबदला ठरवण्याआधी सक्षम प्राधिकारी कलम ३ग खाली जाहीर सूचना देऊन दावे मागवतात. ही दुसरी पाळी. झाडे, विहीर, बोअर, पाइप, ठिबक, उभा ऊस, गोठा, सगळे इथे लिहून द्यायचे. जमिनीचे दोन तुकडे झाल्याने उरलेल्या जमिनीचे होणारे नुकसानही याच कलमात विचारात घेतले आहे. हा मुद्दा फार थोडे लोक मांडतात.

५) रक्कम जमा झाल्यावर ताबा देण्यासाठी नोटीस येते, तिची मुदत ६० दिवसांची. ठरलेली रक्कम मान्य नसेल तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाता येते. पैसे घेताना "हक्क राखून स्वीकारले" असे लिहावे.

राज्याच्या रस्त्यांसाठी राज्याचा वेगळा कायदा लागतो. तिथे नोटिशीवर जे कलम आणि जी मुदत छापली असेल तीच धरावी.

मोबदल्याचे गणित

२०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला आणि त्यातील मोबदल्याच्या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांनाही १ जानेवारी २०१५ पासून लागू झाल्या. बाजारभाव काढताना रेडी रेकनरचा दर आणि आसपासच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांचा दर पाहतात. खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्यांची सरासरी काढतात आणि जो दर जास्त तो घेतात. त्याला राज्य सरकारने ठरवलेला गुणक लावतात. ग्रामीण भागात कायद्याप्रमाणे तो १ ते २ च्या दरम्यान असतो. त्यात विहीर, झाडे वगैरेंची किंमत मिळवतात. होईल त्या बेरजेइतकीच दिलासा रक्कम वर देतात. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारभावावर दरसाल १२ टक्के.

उदाहरणादाखल: २० गुंठे गेले, दर एकरी १० लाख धरला, तर बाजारभाव ५ लाख. गुणक १ धरू. पाइप, झाडे मिळून १ लाख. बेरीज ६ लाख. दिलासा ६ लाख. एक वर्षाचे १२ टक्के म्हणजे ६० हजार. एकूण १२ लाख ६० हजार. आता पाइप आणि झाडे कागदावर नसती तर? १ लाख गेले आणि त्यावरचा दिलासा १ लाख, असे दोन लाख गेले. नोंद न केलेली वस्तू दुपटीने बुडते.

यातच आणखी एक धडा आहे. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात कमी रक्कम दाखवायची सवय आपल्याकडे आहे. पण उद्या दर ठरतो तो त्याच खरेदीखतांवरून. एकाने वाचवलेले चार पैसे सगळ्या शिवाराला महागात पडतात.

कागद आधी, जेसीबी नंतर

आजच सातबारा काढून पाहावा. मयत आजोबांचे नाव अजून आहे का? वारस नोंद झाली का? मुलींची, बहिणींची नावे लागली का? वाटण्या तोंडी असतील आणि भावकीत तंटा निघाला, तर वाटणीचा प्रश्न दिवाणी न्यायालयात जातो आणि पैसे तिथेच अडकतात. रस्ता होऊन वाहने धावू लागतात, भाऊ मात्र तारखांना फिरत राहतात.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. उसाची नोंद आपणच मोबाइलवर करायची आहे. विहीर, बोअर आणि फळझाडे नोंदली आहेत का, तेही पाहावे. पाइपलाइनीचा हातनकाशा काढून, पावत्या जोडून, संयुक्त मोजणीच्या वेळी पंचनाम्यात लिहून घ्यावा. जमीन कमी झाली की कारखान्याकडची ऊस नोंदही गटात येऊन दुरुस्त करावी, म्हणजे तोडणीच्या क्रमात घोटाळा होत नाही.

ओलांडायची जागा: तीन गोष्टी मोजा

पहिली, ऊस. महामार्गाखालचे बोगदे सारखे नसतात. हलक्या वाहनांचा बोगदा साधारण ४ मीटर उंचीचा, मोठ्या वाहनांचा ५.५ मीटरचा. आपली भरलेली ट्रॉली टेपने मोजून पाहा. वरपर्यंत चढवलेली मोळी ४ मीटरच्या बोगद्याला घासते किंवा अडते. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला वळायलाही जागा लागते. म्हणून नुसता "बोगदा द्या" असा अर्ज करू नये, "भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या जातील असा द्या" असे लिहावे. ग्रामपंचायतीचा ठराव आणि त्या बाजूच्या ऊस क्षेत्राचा आकडा जोडावा. तो आकडा गट कार्यालयातून मिळेल.

दुसरी, पाणी. भराव टाकण्याआधी सिमेंटचा नळा आडवा टाकून ठेवला की पाइप कधीही ओवता येते. डांबर-काँक्रीट झाल्यावर तेच काम अवघड आणि खर्चाचे होते.

तिसरी, पावसाचा निचरा. भराव हा एक बांधच असतो. ओढा, चर जिथून वाहतो तिथेच मोरी हवी आणि तिचा तळ चराच्या तळाशी जुळावा. आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबले की उसाची मुळे गुदमरतात. पाणी कुठून वाहते हे आराखड्यापेक्षा बांधावरच्या म्हाताऱ्या माणसाला जास्त ठाऊक असते. त्याला मोजणीच्या वेळी सोबत न्यावे.

भरावासाठी माती मागायला लोक येतात. वरची फूटभर काळी माती कोणत्याही भावाला देऊ नये. ती पुन्हा होत नाही. नाला किंवा तळ्याचा गाळ-मुरूम नियमाने उचलला जात असेल तर गोष्ट वेगळी. त्यात पाणी साठवण वाढते.

इंटरचेंज म्हणजे काय?

दोन मोठे रस्ते जिथे एकमेकांच्या वरून-खालून जातात आणि गोल वळणाच्या जोडरस्त्यांनी वाहन एकावरून दुसऱ्यावर जाते, ती जागा. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला. त्यावर चढायचे-उतरायचे ते इंटरचेंजवरच. ट्रॅक्टरला तिथे मज्जाव आहे. म्हणजे असा रस्ता शिवारातून गेला तरी आपली उसाची ट्रॉली त्यावरून जाणार नाही. तिला बाजूचा रस्ता आणि बोगदाच हवा. इंटरचेंजजवळच्या गावात प्लॉट पडतात, धाबे उभे राहतात, भाव वाढतो. मधल्या गावांना नुसता आवाज ऐकू येतो. लातूर आणि नांदेड शहरांलगतच्या रस्त्यांवर ही प्लॉटिंगची लाट आपण पाहतोच. विकायचे की ठेवायचे हे घरात ठरवा, पण विसार घेण्याआधी आराखड्यात उतरण्याची जागा खरोखर कुठे आहे ते पाहा. तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

हंगामातली वाहतूक

तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा, हा आपला नियम. उशीर झाला की वजन घटते, साखर घटते. दुभाजकामुळे वळसा पडला म्हणून काही ट्रॅक्टरवाले उलट्या बाजूने येतात. असे करू नये. पाच मिनिटे वाचतात, पण समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो, आणि तो बहुतेक आपल्याच गावचा असतो. प्रत्येक ट्रॉलीच्या मागे-बाजूला रिफ्लेक्टर, मागे लाल दिवा, आणि बिघडलेली ट्रॉली रस्त्यावर उभी न ठेवता कडेच्या रस्त्यावर. मुकादमाला आणि ड्रायव्हरला हे टोळी लागण्याच्या दिवशीच बजावून सांगावे.

स्वतःला विचारायचे प्रश्न

माझा गट नंबर अधिसूचनेत आहे का? २१ दिवसांतले किती उरले? विहीर कोणत्या बाजूला, ऊस कोणत्या बाजूला? पाइप कागदावर आहे का? भरलेली ट्रॉली किती उंच? सातबारावर कोणाकोणाची नावे आहेत?

या सहा प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून सातबारा आणि नोटीस घेऊन गट कार्यालयात या. अर्ज लिहायला आमचे शेतकी मदतनीस मदत करतील. रस्ता कुठून न्यायचा हे आपल्या हातात नाही. पण खोडव्याला पाणी पोचेल आणि ऊस गव्हाणीपर्यंत येईल, एवढी वाट मागून घेणे आपल्या हातात आहे, आणि ती वेळेत मागावी लागते.